स्कायलाइनची कुळकथा

मोटारीची पारख रूपावरून करण्याची रीत जुनी आहे. लांबट नाक, बसकी काया आणि दोनच दरवाजे दिसले, की ती गाडी वेगाची. चार दरवाजे, सरळ छप्पर आणि मागे सामानाची ऐसपैस पेटी असली, की ती संसाराची. अशी वाटणी सामान्य मनुष्य मनोमन करून टाकतो आणि ती बहुधा खरीही ठरते. जपानच्या कारखान्यांनी मात्र गेल्या साठ वर्षांत ही वाटणी अनेकदा खोटी ठरविली. एखाद्या कारकुनाने मुलाबाळांना घेऊन रविवारी फिरायला न्यावी अशी साधी चारदारी गाडी, आणि तिच्या बॉनेटखाली शर्यतीच्या मैदानावरून आणलेले इंजिन, असा चमत्कारिक संयोग त्यांनी घडवून आणला. अशा मोटारी थोड्या बनल्या, मायदेशीच विकल्या गेल्या, आणि पुढे त्या मिळविण्यासाठी इंग्लंड, ऑस्ट्रेलिया व अमेरिका येथील माणसांनी समुद्र आणि सरकारी कायदे दोन्ही ओलांडण्याची खटपट केली.

या मोटारींचा इतिहास म्हणजे केवळ वेगाचा इतिहास नव्हे. तो नियमांचाही इतिहास आहे. शर्यतीच्या नियमांनी त्यांना जन्म दिला, कराच्या नियमांनी त्यांचे आकारमान ठरविले, धुराच्या नियमांनी त्यांचा एकदा अंत केला, आणि आयातीच्या नियमांनी त्यांना कधी बंदरावर अडविले, तर कधी अनपेक्षितपणे दार उघडून दिले. या सर्व कुळांतील ज्येष्ठ कूळ म्हणजे स्कायलाइन. तिची हकीकत सांगितली, म्हणजे इतरांची बरीचशी आपोआप सांगून होते.

दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले, तेव्हा जपानमध्ये विमाने बांधण्यास बंदी झाली. ताचिकावा विमान कंपनीतील तंत्रज्ञांच्या हाती कसब होते, पण काम उरले नव्हते. त्यांच्यातील काहींनी विजेवर चालणारी मोटार बनविण्याचा उद्योग आरंभिला. पेट्रोल दुर्मीळ होते आणि वीज उपलब्ध होती, हे त्यामागचे साधे गणित. १९४७ साली ‘तामा’ नावाची त्यांची विद्युत् मोटार बाजारात आली. परंतु १९५० साली कोरियाचे युद्ध पेटले, शिशाचे भाव चढले, बॅटरी परवडेनाशी झाली, आणि या मंडळींना पेट्रोलच्या इंजिनाकडे वळावे लागले. त्यासाठी त्यांना साथ मिळाली ती नाकाजिमा या दुसऱ्या विमान कंपनीच्या वारसदार कारखान्याची. १९५२ साली युवराज आकिहितो यांचा युवराज्याभिषेक झाला. त्याच्या सन्मानार्थ नव्या मोटारीला ‘प्रिन्स’ हे नाव देण्यात आले, आणि कालांतराने तेच कंपनीचेही नाव झाले.

‘स्कायलाइन’ ही या कंपनीची चारदारी मोटार १९५७ साली निघाली. तिच्या घडणीत शिनइचिरो साकुराई नावाचा एक तरुण अभियंता होता. त्याचा जन्म १९२९ सालचा. १९५२ साली तो या कारखान्यात शिरला, आणि पुढे जवळजवळ तीस वर्षे स्कायलाइन व साकुराई ही दोन नावे जपानमध्ये एकमेकांपासून वेगळी काढता येईनात. विमानाच्या कारागिरांनी पाया घातलेल्या या कारखान्याला वजन आणि ताकद यांचा हिशेब मांडण्याची सवय होती. त्या सवयीची परीक्षा लवकरच होणार होती.

१९६२ साली सुझुका येथे शर्यतींसाठी खास धावमार्ग तयार झाला, आणि १९६३ च्या मे महिन्यात तेथे पहिली जपान ग्रां प्री भरली. कारखान्यांनी या शर्यतीत उघडपणे भाग घेऊ नये, असे मोटार कंपन्यांमध्ये आपसात ठरले होते. प्रिन्स कंपनीने हा शब्द प्रामाणिकपणे पाळला. इतरांनी मात्र पडद्याआडून आपल्या गाड्या चांगल्या तयार करून पाठविल्या. परिणाम व्हायचा तोच झाला. प्रिन्सच्या गाड्या मागे पडल्या, आणि विजयी कंपन्यांनी आपल्या यशाच्या मोठमोठ्या जाहिराती दिल्या. तांत्रिक श्रेष्ठतेचा अभिमान बाळगणाऱ्या कंपनीला हा अपमान झोंबला. कंपनीचे अध्यक्ष होते ब्रिजस्टोन टायरचे संस्थापक शोजिरो इशिबाशी. पुढच्या वर्षी ही नामुष्की धुऊन निघालीच पाहिजे, असा कारखान्यातील सर्वांचा निश्चय झाला.

स्कायलाइनचे इंजिन चार सिलिंडरांचे व दीड लिटरचे होते. त्यावर मोठी शर्यत जिंकणे अशक्य होते. पण कंपनीच्याच ‘ग्लोरिया’ या मोठ्या मोटारीत सहा सिलिंडरांचे, दोन लिटरचे इंजिन होते. ते स्कायलाइनमध्ये बसविता आले तर? अडचण एकच होती. सहा सिलिंडरांचे लांब इंजिन स्कायलाइनच्या आखूड नाकात मावत नव्हते. तेव्हा साकुराई आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सरळ गाडीचे नाकच वाढविले. चालकापुढील भाग कापून तेथे २०० मिलिमीटर लांबीची भर घातली आणि इंजिन आत बसविले. तो उपाय काहीसा सुताराचा होता, शिंप्याचाही होता. मागून व मधून जुनीच कौटुंबिक मोटार, आणि पुढे एक वीत वाढलेले नाक, असे त्या गाडीचे ध्यान दिसे. परंतु शर्यतीच्या त्या गटात भाग घ्यावयाचा, तर निदान १०० गाड्या बनविणे आवश्यक होते. म्हणून प्रिन्सने १०० स्कायलाइन जीटी बनविल्या. केवळ शर्यतीच्या मान्यतेसाठी थोड्या संख्येने बनविलेली चारदारी मोटार, ही कल्पना जपानमध्ये येथून रुजली.

१९६४ च्या मे महिन्यातील दुसऱ्या ग्रां प्रीत आणखी एक अनपेक्षित पाहुणा अवतरला. तो होता पोर्शे ९०४. ही जर्मन मोटार खास शर्यतीसाठी बांधलेली, जमिनीलगत सरपटणारी, हलकी आणि चपळ होती. शर्यतीच्या तोंडावर ती जपानमध्ये आयात करण्यात आली, आणि सोकिची शिकिबा हा ती चालविणार होता. सरावात तिला अपघात झाला, पण रातोरात दुरुस्त होऊन ती मैदानात उतरली. चार दरवाज्यांची स्कायलाइन आणि पोर्शे यांचा सामना म्हणजे बैलगाडीच्या चाकोरीत अरबी घोडा सोडण्यासारखाच होता. तरीसुद्धा शर्यतीच्या मध्यावर प्रेक्षकांसमोरून जो ताफा गेला, त्यात सर्वांत पुढे होती तेत्सु इकुझावाची स्कायलाइन, आणि तिच्या मागे पोर्शे. ही आघाडी अवघ्या एका फेरीपुरती टिकली. शर्यत पोर्शेने जिंकली. पण दुसऱ्या क्रमांकापासून सहाव्या क्रमांकापर्यंत सर्व गाड्या स्कायलाइन होत्या, आणि लोकांच्या स्मरणात राहिली ती एक फेरीच. पराभवातूनही एखाद्या घराण्याची प्रतिष्ठा जन्मास येऊ शकते, याचे हे उदाहरण होय. त्याचबरोबर हेही ध्यानात ठेवावे, की या कथेच्या आरंभीच परदेशातून आयात केलेली एक मोटार उभी आहे. पुढे हीच वाट उलट दिशेने तुडविली जाणार होती.

त्या पराभवाने प्रिन्सच्या तंत्रज्ञांना स्वस्थ बसू दिले नाही. पोर्शेला उत्तर म्हणून त्यांनी आर-३८० नावाची, मध्यभागी इंजिन असलेली खरीखुरी शर्यतीची मोटार बांधली. १९६६ च्या ग्रां प्रीत तिने पोर्शेला हरविले. पण तोवर कंपनीची आर्थिक बाजू दुबळी झाली होती. त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात प्रिन्स कंपनी निस्सानमध्ये विलीन झाली. मैदानावर जिंकलेली कंपनी हिशेबाच्या वहीत हरली. नाव गेले, परंतु माणसे आणि त्यांचे इंजिन मात्र राहिले.

फेब्रुवारी १९६९ मध्ये निस्सानच्या नावाने ‘स्कायलाइन २००० जीटी-आर’ ही मोटार बाजारात आली. बाहेरून पाहणाऱ्याला ती शेजाऱ्याच्या दारातील स्कायलाइनसारखीच चौकोनी, चारदारी, संभावित गाडी दिसे. बॉनेट उघडले, म्हणजे खरा प्रकार कळे. आत आर-३८० च्या इंजिनावरून बेतलेले १९८९ घनसेंटिमीटरचे सहा सिलिंडरी इंजिन होते. प्रत्येक सिलिंडरला चार, म्हणजे एकूण २४ झडपा, वर दोन कॅमदंड आणि तीन कार्बुरेटर अशी त्याची मांडणी होती. ताकद १६० अश्वशक्ती. घनफळाचा हा आकडाही सहज आलेला नव्हता. जपानमध्ये दोन लिटरच्या पुढे गेले, की मोटारीवरील वार्षिक कर एकदम चढत असे. म्हणून अभियंत्यांना जे काही करावयाचे, ते दोन लिटरच्या कुंपणाआतच करावे लागे. मोठे इंजिन नाही, तर अधिक झडपा आणि अधिक फेरे, हा मार्ग त्या कुंपणाने दाखविला.

ही गाडी चैनीची नव्हती. तिची किंमत १५ लाख येन होती, म्हणजे साध्या स्कायलाइनहून कितीतरी अधिक. इतके पैसे मोजणाऱ्याला रेडिओ आणि हीटर हे मात्र वेगळे मागवावे लागत. त्याऐवजी त्याला १०० लिटरची पेट्रोलची टाकी मिळे, कारण लांब पल्ल्याच्या शर्यतीत वारंवार थांबणे परवडत नाही. मागील चाकांवरून जाणारी बाजूची नक्षीदार रेघ चाकाच्या कमानीपाशी तोडून टाकलेली होती, कारण रुंद टायरला जागा हवी होती. जाणकार मनुष्य रस्त्यात ही तुटलेली रेघ पाहूनच गाडी ओळखीत असे. अशा चारदारी जीटी-आर अवघ्या ८३२ बनल्या. ऑक्टोबर १९७० मध्ये तिची जागा दोनदारी रूपाने घेतली.

तिच्या पहिल्याच शर्यतीत, मे १९६९ मध्ये, तिला विजय मिळाला, तोही वादाचा होता. प्रथम रेषा ओलांडली होती टोयोटाच्या गाडीने. तिने वाट अडविली म्हणून तिला दंड झाला आणि विजय स्कायलाइनकडे आला. पण त्यानंतर कोणाला शंका घेण्यास जागा राहिली नाही. सुमारे तीन वर्षांत या घराण्याने पन्नास शर्यती जिंकल्या. मग माझ्दाच्या चक्राकार इंजिनाच्या हलक्या गाड्या पुढे आल्या, आणि पाठोपाठ एक अधिक बलवान प्रतिस्पर्धी आला. तो होता शहरांतील धूर.

मोटारींच्या धुराने जपानची शहरे गुदमरू लागली होती, आणि १९७३ सालापासून सरकारने धुराविषयी कडक नियम लागू केले. जानेवारी १९७३ मध्ये जीटी-आरची नवी आवृत्ती निघाली खरी, परंतु २४ झडपांचे ते इंजिन नव्या नियमांत बसेना. केवळ १९७ गाड्या बनवून उत्पादन थांबले, आणि त्यांपैकी एकही कारखान्याच्या वतीने शर्यतीत उतरली नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस जगावर तेलटंचाई कोसळली. वेगाची भाषा करणे असभ्य वाटू लागले. जीटी-आर ही अक्षरे सोळा वर्षे कोणत्याही गाडीवर लागली नाहीत. धुराचे नियम अन्यायाचे होते असे म्हणता येणार नाही. माणसांची फुप्फुसे वाचविणे हे शर्यती जिंकण्याहून निःसंशय मोठे काम होते. इतिहासात पुष्कळदा एक चांगली गोष्ट दुसऱ्या चांगल्या गोष्टीला बाजूस सारून पुढे जाते, तसे येथे झाले.

ऑगस्ट १९८९ मध्ये जीटी-आर परत आली. तिचे इंजिन २५६८ घनसेंटिमीटरचे होते, दोन टर्बोचार्जरांनी त्याला हवा पुरविली जात होती, आणि गरज पडेल तेव्हा पुढील चाकांनाही शक्ती मिळत होती. हे आकडेसुद्धा नियमांनीच ठरविलेले होते. शर्यतीत टर्बो इंजिनाचे घनफळ १.७ ने गुणून गट ठरवीत, आणि या गुणाकाराने ती साडेचार लिटरच्या गटात नेमकी बसे. ताकद जाहीर झाली २८० अश्वशक्ती. त्या वर्षी जपानच्या मोटार उत्पादकांनी आपसात एक सभ्य करार केला होता, की २८० च्या वर कोणी जायचे नाही. हा संकेत २००४ सालापर्यंत पाळला गेला. १९६३ च्या अनुभवावरून अशा सभ्य करारांची किंमत सर्वांनाच ठाऊक होती. त्यामुळे अनेक गाड्यांचा जाहीर आकडा २८० आणि प्रत्यक्षातील जोर त्याहून अधिक असावा, अशी चर्चा सतत चाले. देशांतर्गत अजिंक्यपद स्पर्धेत १९९० ते १९९३ या चार मोसमांत या गाडीने २९ पैकी २९ शर्यती जिंकल्या.

पण ही गाडी दोनदारी होती. साकुराईची मूळ कल्पना, म्हणजे संसारी देहातील मल्ल, तिच्यात उरली नव्हती. साकुराई स्वतः १९८४ च्या अखेरीस आजारी पडला, आणि स्कायलाइनची धुरा दुसऱ्या हातांत गेली. १९८६ साली निस्सानने चिगासाकी येथे ‘ऑटेक जपान’ ही उपकंपनी स्थापिली आणि तिचा पहिला अध्यक्ष म्हणून साकुराईची नेमणूक केली. कारखान्याच्या नित्याच्या साच्यात न बसणाऱ्या, थोड्या संख्येच्या गाड्या तयार करणे हे या कंपनीचे काम होते. स्कायलाइनला चाळीस वर्षे झाली, त्या निमित्ताने जानेवारी १९९८ मध्ये याच ऑटेकने चार दरवाज्यांची जीटी-आर सादर केली. दोनदारी जीटी-आरचे संपूर्ण यंत्र त्यांनी चारदारी देहात बसविले, मागील चाकांच्या कमानी रुंद केल्या, आणि पाठीवरचा मोठा पंख मात्र लावला नाही. १९६९ नंतर प्रथमच जीटी-आर पुन्हा शेजाऱ्याच्या गाडीसारखी दिसू लागली. अशा गाड्या चारशेंच्या आसपास बनल्या, आणि त्या केवळ जपानच्या ग्राहकांसाठी होत्या.

याच काळात आणखी दोन कुळे उदयास आली. खडतर रस्त्यांवरील रॅली शर्यतींत भाग घ्यावयाचा, तर त्या गाडीच्या २५०० प्रती विकल्या पाहिजेत, असा नियम होता. त्या नियमापोटी मित्सुबिशीने १९९२ साली लान्सर या कौटुंबिक मोटारीची ‘इव्होल्यूशन’ ही आवृत्ती काढली. पहिल्या २५०० गाड्या पाहता पाहता संपल्या आणि तितक्याच पुन्हा बनवाव्या लागल्या. फिनलंडचा टॉमी मॅकिनेन याने लान्सरवर १९९६ ते १९९९ अशी सलग चार वर्षे जागतिक अजिंक्यपद मिळविले. हिंदुस्थान मोटर्सने १९९८ पासून तिरुवळ्ळूर येथे जी लान्सर बनविली आणि जी भारतातील रस्त्यांवर पुष्कळांनी पाहिली, ती याच घराण्यातील साधी बहीण होती.

दुसरे कूळ सुबारूचे. सुबारूच्या शर्यतविषयक शाखेने, म्हणजे एसटीआयने, १९९४ साली इम्प्रेझा या चारदारी मोटारीचे संस्करण सुरू केले. तयार झालेल्या गाड्या बाजूला घेऊन त्यांच्यावर पुन्हा हात फिरवावयाचा, असे ते काम होते, आणि महिन्याला सुमारे शंभर गाड्याच पुऱ्या होत. पुढे २००० साली याच शाखेने ‘एस-२०१’ या नावाने ३०० गाड्या काढल्या, आणि २००२ साली ‘एस-२०२’ च्या ४०० काढल्या. मूळ कंपनीच्या गाड्यांवर २८० चा आकडा कायम राहिला. शाखेच्या गाड्यांवर मात्र ३०० आणि ३२० हे आकडे उमटले. सभ्य करार मोडला गेला नाही, फक्त त्याच्या कडेने वाट काढण्यात आली.

आता या गाड्या जपानबाहेर कशा पडल्या, ते पाहू. त्याचे पहिले कारण जपानमध्येच आहे. तेथे प्रत्येक मोटारीची सक्तीची तपासणी होते. नव्या खाजगी गाडीची तीन वर्षांनी, आणि नंतर दर दोन वर्षांनी. तपासणी, विमा व कर मिळून मालकाचा खिसा बराच हलका होतो. शिवाय पेट्रोलची गाडी १३ वर्षांची झाली, की तिच्यावरील वार्षिक कर वाढतो. जुनी गाडी धूर अधिक सोडते, हे त्यामागचे तत्त्व. परिणामी धडधाकट मोटारी मालकांना नकोशा होतात आणि लिलावगृहांत येतात. जपानचे मोटारींचे लिलाव हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. प्रत्येक गाडीबरोबर एक तपासणीपत्र असते. त्यावर गाडीचा आराखडा काढून प्रत्येक ओरखडा, पोचा व गंज खुणांनी नोंदलेला असतो आणि एकंदर प्रत आकड्याने दिलेली असते. हजारो मैलांवरचा खरेदीदार त्या एका कागदावर विसंबून पैसे पाठवितो. हा कागद वाचता येणे हीच आयातीच्या व्यवसायातील पहिली विद्या होय.

दुसरे कारण भूगोलाचे. जपानमध्ये वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात आणि सुकाणू उजवीकडे असते. तीच पद्धत इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व केनिया येथे आहे. न्यूझीलंडने १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून आयातीवरील बंधने सैल केली आणि १९९८ साली मोटारींवरील जकात रद्द केली. जपानी वापरलेल्या मोटारींनी ते बेट भरून गेले, आणि तेथील मोटार जुळवणीचे उरलेसुरले कारखाने त्याच वर्षी बंद पडले. ग्राहकाला स्वस्त व चांगली गाडी मिळाली, कामगाराची नोकरी गेली. आयातीच्या इतिहासात या दोन बाजू नेहमी एकत्रच येतात.

इंग्लंडमध्ये १९९० च्या दशकात कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याला वगळून परभारे गाड्या आणण्याची लाट उसळली. जपानमधील इम्प्रेझा इंग्लंडमध्ये मिळणाऱ्या इम्प्रेझाहून जोरदार असे, त्यामुळे हौशी ग्राहक सरळ जपानकडे वळत. अखेर अधिकृत आयातदारांनी बॅनबरी येथील प्रोड्राइव्ह या संस्थेकडून ‘पी-१’ नावाची १००० गाड्यांची खास आवृत्ती तयार करवून घेतली. परभारे आलेल्या मालाला उत्तर म्हणून कंपनीने स्वतः माल तयार करावा, असा हा विरळा प्रसंग आहे. ऑस्ट्रेलियात निस्सानने १९९१ साली १०० जीटी-आर अधिकृतपणे नेल्या. त्या वर्षी आणि त्याच्या पुढच्या वर्षी बॅथर्स्टच्या प्रसिद्ध शर्यतीत जिम रिचर्ड्स व मार्क स्कैफ यांनी ती गाडी विजयी केली. तेथील एका नियतकालिकाने तिला दिलेले ‘गॉडझिला’ हे टोपणनाव जगभर पसरले.

अमेरिकेची गोष्ट निराळी आहे. १९८० च्या दशकात डॉलर बलवान होता, आणि पश्चिम जर्मनीतील मर्सिडीझ मोटारी परभारे आणणे अमेरिकनांना फायद्याचे पडे. अधिकृत विक्रेत्यांनी ओरड केली आणि १९८८ साली अमेरिकन संसदेने कायदा कडक केला. अमेरिकेच्या सुरक्षा मानकांना अनुसरून न बनलेली मोटार आणावयाची, तर नोंदणीकृत आयातदाराकरवी तिच्यात बदल करून ती त्या मानकांना उतरते हे सिद्ध करावे लागे, आणि त्यासाठी एकाच जातीच्या काही गाड्या आघातचाचणीत फोडाव्याही लागत. ८३२ च्या कुळातील मोटार चाचणीसाठी फोडणे कोणाला सुचेल? मात्र या बंधनातून एक पळवाट राहिली. पंचवीस वर्षे पुरी झालेल्या गाडीला सुरक्षेची ती मानके लागू होत नाहीत. जर्मन मोटारींसाठी बनविलेल्या या नियमाने जपानी मोटारींचे भवितव्य ठरविले. १९८९ च्या जीटी-आरला २०१४ साली अमेरिकेचे दार उघडले, पहिल्या लान्सर इव्होल्यूशनला २०१७ च्या अखेरीस, ऑटेकच्या चारदारी जीटी-आरला २०२३ साली, आणि एस-२०१ ला २०२५ साली. गाडीच्या जन्माचा महिना हाच तिचा परवाना ठरला.

येथे एक मोठी विसंगती दिसते. जपानमध्ये गाडी जुनी झाली म्हणून तिच्यावर अधिक कर बसतो, आणि अमेरिकेत ती जुनी झाली म्हणूनच तिला प्रवेश मिळतो. ज्या वयाला मायदेश तिला ओझे मानू लागतो, त्या वयाला परदेश तिला रत्न मानतो. मग रत्ने कोणत्या दिशेने वाहत जातील, हे सांगावयास नको. देशोदेशीच्या बंदरांवरील वयाच्या अटी एकत्र ठेवल्या, तर गंमत वाटते. कॅनडात पंधरा वर्षांहून जुनी गाडी चालते. केनियात आठ वर्षांहून जुनी चालत नाही. भारताच्या आयात धोरणाप्रमाणे वापरलेली मोटार तीन वर्षांहून जुनी असता कामा नये, सुकाणू उजवीकडे हवे, आणि ती केवळ मुंबई बंदरातूनच आली पाहिजे. म्हणजे अमेरिकेला जी गाडी चालते, ती मुंबईच्या धक्क्यावर उतरू शकत नाही, आणि मुंबईला जी चालते, ती अमेरिकेला नको असते. एकच वस्तू कोठे भंगार, कोठे स्पर्धक माल आणि कोठे वारसा ठरते. आयातीचा प्रत्येक नियम, त्या देशाला कशाचे भय वाटते ते सांगत असतो.

किमती चढल्या, तशी बनावट मालाची उत्पत्तीही सुरू झाली. साध्या स्कायलाइनची रेघ कापून, बिल्ले लावून तिला जीटी-आर बनविणे कठीण नाही. १९६९ च्या खऱ्या चारदारी जीटी-आरचा चासी क्रमांक ‘पीजीसी-१०’ या अक्षरांनी सुरू होतो. म्हणून जाणता खरेदीदार प्रथम इंजिन पाहत नाही, तर पोलादावर ठोकलेली ती अक्षरे पाहतो. सुबारूच्या खास आवृत्त्यांवर अनुक्रमांकाची पट्टी बसविलेली असते. ज्या गाडीचे सारे वैशिष्ट्य ती साधी दिसण्यात होते, तिची ओळख अखेरीस एका कागदावर आणि एका क्रमांकावर येऊन ठेपली. घराण्याची वंशावळ पाहून लग्न ठरविण्याचाच हा प्रकार म्हणावा लागेल.

उत्पादकांनाही उशिरा का होईना, जाग आली. डिसेंबर २०१७ पासून निस्सानच्या शर्यत शाखेने १९८९ च्या जीटी-आरचे बंद पडलेले सुटे भाग पुन्हा तयार करून विकण्यास आरंभ केला. जी गाडी एकदा विकून कारखाना मोकळा झाला होता, तिची जबाबदारी त्याला पुन्हा पत्करावी लागली. साकुराई २०११ साली निवर्तला. त्याने ज्याचे पहिले अध्यक्षपद भूषविले, ते ऑटेक आणि निस्सानची शर्यत शाखा २०२२ साली एकत्र करण्यात आली. प्रिन्सचे जे झाले, तेच थोड्या वेगळ्या रीतीने तिच्या वारसाचेही झाले.

जपानच्या नागानो प्रांतात ओकाया नावाचे गाव आहे. तेथे १९९७ सालापासून प्रिन्स आणि स्कायलाइन यांचे संग्रहालय आहे. संग्रहालयात ठेवलेल्या गाडीवर कर वाढत नाही, तिला बंदरावर कोणी अडवीत नाही आणि तिचे वयही कोणी मोजत नाही. पण ती धावतही नाही. समुद्र ओलांडून गेलेल्या तिच्या बहिणी मात्र परक्या देशांच्या रस्त्यांवर धावत आहेत, झिजत आहेत आणि दुरुस्त होत आहेत. या दोहोंपैकी खरे जतन कोणते, हा प्रश्न मोटारीपुरता नाही. जुनी वाद्ये, जुनी घरे, जुन्या मूर्ती यांच्यापुढेही तो उभा राहतो. एवढे मात्र खरे, की १९६४ च्या त्या एका फेरीत पोर्शेच्या पुढे गेलेली गाडी नाक लांबविलेली साधी चारदारी मोटार होती, आणि तिच्याकडे पाहून कोणालाही तसे वाटले नसते. साठ वर्षे माणसे शोधीत राहिली, ती त्या अनपेक्षिततेला.